टीबीच्या रिपोर्टमधली ८१ अक्षरं

टीबीचा रिपोर्ट हातात पडला की नजर जाते ती ‘एमटीबी डिटेक्टेड’ या ओळीवर. क्षयाचे जंतू सापडले, एवढं कळलं की घरातल्यांचे हातपाय गळतात आणि खालची ओळ वाचायची राहून जाते. पुढचे सहा महिने कसे जाणार हे मात्र त्या खालच्या ओळीवर ठरतं. ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ असेल तर नेहमीच्या गोळ्या. त्यातला ‘नॉट’ नसेल तर औषधं वेगळी, तपासण्या जास्त आणि डॉक्टरांचा चेहराही जरा गंभीर.

रिफ म्हणजे रिफॅम्पिसिन, लघवी केशरी करणारं ते औषध. रेझिस्टन्स म्हणजे जंतूने औषधाला दाद न देणं. गंमत अशी, की तपासणीच्या मशीनमध्ये रिफॅम्पिसिनचा कणही नसतो. जंतूला औषध देऊन तो मरतो का हे बघायचं तर जंतू वाढवावा लागतो, आणि क्षयाचा जंतू इतका संथ की त्यात आठवडे जातात. मशीन दोन तासांत उत्तर देतं, कारण ते जंतूच्या ४४ लाख अक्षरांच्या डीएनएमधली फक्त ८१ अक्षरं तपासतं. नेमकी हीच ८१ का, हे समजायचं तर जंतू आपली जनुकं वाचतो कशी, तिथपासून सुरुवात करावी लागते.

मूळ दप्तर आणि उतारा

डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक नोंदवही: ए, टी, जी, सी. क्षयाच्या जंतूच्या वहीत सुमारे ४,००० जनुकं आहेत, म्हणजे सुमारे ४,००० कामांच्या नोंदी. पण ही वही कामाच्या जागी नेत नाहीत. सातबाऱ्याचं जसं असतं तसंच. मूळ दप्तर तलाठ्याकडे, तुम्ही बँकेत नेता तो उतारा. जंतूही हव्या त्या जनुकाचा उतारा काढतो आणि तो उतारा पुढे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेकडे जातो. हा उतारा म्हणजे आरएनए. तो काढण्याच्या कामाला शास्त्रज्ञ ‘ट्रान्सक्रिप्शन’ म्हणतात, पाठ्यपुस्तकात ‘प्रतिलेखन’. आपण उतारा काढणंच म्हणू. उताऱ्यात टीच्या जागी यू हे अक्षर येतं, बाकी मजकूर तोच. मग तीन-तीन अक्षरांचे गट वाचून प्रत्येक गटामागे एक अमिनो आम्ल जोडलं जातं आणि त्या साखळीचं प्रथिन होतं.

सातबाऱ्याची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. आपण काढलेला उतारा फायलीत वर्षानुवर्षं पडून राहतो. जंतूचा उतारा काही मिनिटांत फाडला जातो. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला जंतू म्हणजे ई. कोलाय, आणि त्याच्यात बहुतेक उतारे पाचेक मिनिटांत निम्मे उरतात. ही उधळपट्टी वाटेल, पण त्यात जंतूची सोय आहे. भोवतालची साखर संपली, तर साखर पचवणाऱ्या प्रथिनाचे उतारे काढणं थांबवायचं. जुने आपोआप नाहीसे होतात, की कारखाना बंद.

दुसरा फरक घाईचा. माणसाच्या पेशीत डीएनए केंद्रकात बंद असतो. उतारा पूर्ण होतो, त्याची काटछाट होते, मग तो बाहेर पडतो. जंतूला केंद्रकच नाही. उताऱ्याचं एक टोक लिहून होतंय तोवर दुसऱ्या टोकावरून प्रथिन बनायला सुरुवातही झालेली असते.

याचा अर्थ असा, की उतारा काढणंच थांबलं तर जंतूचं सगळं काम काही मिनिटांत कोलमडतं. रिफॅम्पिसिन घाव घालतं ते इथेच.

खेकड्याची नांगी

उतारा काढणाऱ्या यंत्राचं नाव आरएनए पॉलिमरेज. जंतूंमध्ये त्याचे पाच तुकडे असतात: दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि एक छोटा ओमेगा. बीटा आणि बीटा-प्राइम हे दोन सर्वांत मोठे, आणि ते एकत्र आले की आकार थेट खेकड्याच्या नांगीसारखा दिसतो. शास्त्रज्ञही त्याला तेच म्हणतात. नांगीच्या दोन फाकांमध्ये डीएनएचा दोर आडवा धरलेला असतो. नांगीच्या तळाशी मॅग्नेशियमचा आयन असतो. तिथे एकेक अक्षर जोडलं जातं.

काम चालू असताना डीएनएचे दोन पदर बारा-चौदा अक्षरांपुरते उसवलेले असतात. यंत्र पुढे सरकतं, पुढचं उसवतं, मागचं पुन्हा जुळतं. बॅगेच्या चेनचा रनर फिरावा तसं. नवा आरएनए नऊ-दहा अक्षरांपर्यंत डीएनएला चिकटून असतो, मग सुटतो आणि बीटाच्या कडेने जाणाऱ्या एका अरुंद बोळातून बाहेर पडतो. ई. कोलायमध्ये वेग साधारण सेकंदाला ४० ते ५० अक्षरं. नोंद संपल्याची खूणही डीएनएमध्येच लिहिलेली असते. बऱ्याच ठिकाणी ती अशी असते: उताऱ्याचा जी आणि सीने भरलेला भाग स्वतःवरच दुमडून केसातल्या आकड्यासारखा होतो, त्याच्या मागोमाग सलग यू येतात, पकड सैल होते आणि उतारा गळून पडतो. काही जागी मात्र ऱ्हो नावाचं वेगळं प्रथिन येऊन यंत्राला ओढून सोडवतं.

या सगळ्यातलं लक्षात ठेवायचं ते बीटा. बीटा बनवण्याची कृती ज्या जनुकात आहे त्याचं नाव आरपीओबी. आपली ८१ अक्षरं याच जनुकात आहेत.

कुठल्या पानापासून?

नांगी डीएनएला कुठेही धरू शकते. पण ४४ लाख अक्षरांतून नेमकी नोंद कुठे सुरू होते, हे तिला कळत नाही. हा प्रश्न सुटला तो १९६९ साली आणि काहीसा अपघाताने.

हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड बर्जेस हा तरुण संशोधक ई. कोलायमधून पॉलिमरेज शुद्ध करत होता. शुद्ध करायची एक पद्धत म्हणजे फॉस्फोसेल्युलोज भरलेल्या काचेच्या नळीतून जंतूचा रस सोडायचा. वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळ्या वेळी खाली उतरतात आणि वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत गोळा होतात. या नळीतून काढलेलं पॉलिमरेज अधिक स्वच्छ होतं. वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए दिला तर ते झकास काम करायचं, पण टी-४ नावाच्या विषाणूचा डीएनए दिला की ढिम्म. शुद्ध केलेलं यंत्र बिघडलंय असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात शुद्ध करताना त्याचा एक तुकडा सुटून वेगळ्या परीक्षानळीत गेला होता. तो परत मिसळला आणि टी-४ वरही उतारे निघू लागले. त्या तुकड्याला सिग्मा हे नाव पडलं. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात जॉन डन आणि एकेहार्ड बाउट्झ यांनाही तेच दिसलं होतं. बर्जेस, त्याचा सहकारी अँड्र्यू ट्रॅव्हर्स आणि हे दोघे यांचा शोधनिबंध एकत्रच छापून आला.

मग वासराच्या डीएनएवर सिग्माविना काम का चालत होतं? कारण तो डीएनए काढताना जागोजागी तुटलेला, ओरखडलेला असतो. नांगीला उघडं टोक मिळालं की ती तिथूनच सुरू करते. नोंद कुठली याच्याशी तिला देणंघेणं नसतं. टी-४ चा डीएनए अखंड, धड पदराचा. तिथे योग्य जागा दाखवणारं कुणीतरी लागतं.

सिग्मा ते काम करतं. तलाठ्याच्या दप्तरात गट क्रमांक माहीत असलेला जुना माणूस असावा, तसं. ई. कोलायमध्ये ते दोन खुणा शोधतं: उतारा सुरू होण्याच्या जागेच्या सुमारे १० अक्षरं अलीकडे ‘टी-ए-टी-ए-ए-टी’ आणि सुमारे ३५ अक्षरं अलीकडे ‘टी-टी-जी-ए-सी-ए’. दोन खुणांमध्ये १७ अक्षरांचं अंतर असलं की पकड सर्वांत चांगली बसते. प्रत्यक्ष जनुकांपुढे या खुणा क्वचितच तंतोतंत असतात, आणि त्यातच मेख आहे: खूण जितकी आदर्श खुणेच्या जवळ, तितके जास्त उतारे.

सिग्मा एकच नसतं. ई. कोलायकडे सात आहेत: रोजच्या कामाचं एक, उष्णतेने प्रथिनं बिघडली की पुढे येणारं एक, उपासमारीचं एक, असे. क्षयाच्या जंतूकडे तेरा. फुप्फुसातल्या पेशीत लपून राहणं, ऑक्सिजन कमी पडणं, आम्ल वाढणं, अशा प्रसंगी वहीतली वेगळी पानं उघडावी लागतात, आणि पानं बदलण्याचा सोपा मार्ग म्हणजे पान दाखवणारा माणूस बदलणं.

जागा सापडली तरी सुरुवात अडखळतच होते. यंत्र दोन, चार, आठ अक्षरं लिहितं, तुकडा टाकून देतं, पुन्हा पहिल्यापासून. रटगर्समधल्या रिचर्ड एब्राइट यांच्या गटाने २००६ साली दाखवलं, की या अवस्थेत यंत्र जागेवरच उभं राहून पुढचा डीएनए आत ओढत राहतं. ओढलेला पदर आत चुरगळून गोळा होतो, ताण साठतो, आणि त्या ताणाच्या जोरावर एकदाचं यंत्र सिग्माची पकड सोडून पुढे निघतं. स्प्रिंग दाबून सोडावी तसं. एकदा ते निघालं की मात्र हजारो अक्षरं न सुटता लिहितं.

सोऱ्यात अडकलेला ओवा

रिफॅम्पिसिनचं मूळ मातीतल्या एका जंतूत आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून आणलेल्या मातीतून इटलीतल्या मिलान इथल्या लेपेटिट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेने १९५७ साली रिफामायसिन वेगळं केलं. ते पोटातून नीट शोषलं जात नसे. त्यात रासायनिक फेरफार करत १९६५ साली गोळीने घेता येईल असं रिफॅम्पिसिन तयार झालं.

ते नेमकं कुठे बसतं, हे २००१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या सेथ डार्स्ट यांच्या गटाने स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रातून दाखवलं. त्यासाठी त्यांनी गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जंतूचं पॉलिमरेज वापरलं, कारण उष्णता सोसणाऱ्या प्रथिनांचे स्फटिक चांगले जमतात. चित्रात दिसलं ते असं: अक्षरं जोडली जातात त्या जागेला औषध हातही लावत नाही. ते तिथून सुमारे १२ अँगस्ट्रॉम अंतरावर बीटामधल्या एका खोबणीत बसतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. नवा आरएनए जिथून पुढे सरकणार, त्या वाटेतच.

शेव पाडताना सोऱ्याच्या जाळीत ओव्याचा दाणा अडकतो ना, अगदी तेच. पीठ चांगलं, दट्ट्या चांगला, हाताला जोर आहे. पण भोकाच्या तोंडाशी दाणा आहे. यंत्र दोन-तीन अक्षरं जोडतं, तुकड्याचं टोक औषधावर आपटतं आणि तुकडा गळून पडतो. पुन्हा दोन-तीन, पुन्हा गळतो. यंत्र बंद पडलेलं नसतं. ते राबतच असतं, पण एकही उतारा बाहेर येत नाही.

आणखी एक बारकावा. ज्या यंत्रातून आरएनए आधीच बाहेर यायला लागलाय, तिथे औषधाला बसायला जागाच उरलेली नसते, वाट आरएनएने व्यापलेली असते. म्हणून चालू उतारे पूर्ण होतात, नवे सुरू होत नाहीत. पण उतारे मिनिटांत फाडले जातात हे आठवलं, की तेवढं पुरेसं का हे कळतं.

एका अक्षराचा घोटाळा

आरपीओबी जनुक साधारण साडेतीन हजार अक्षरांचं. औषध बसतं ती खोबणी मुख्यतः त्यातल्या एका पट्ट्यातून बनते: ८१ अक्षरं, म्हणजे २७ अमिनो आम्लं. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये बिघाड याच पट्ट्यात सापडतो.

सर्वांत जास्त दिसणारा बिघाड असा. मूळ तीन अक्षरं टी-सी-जी. त्यांचा अर्थ सेरीन. मधल्या सीचा टी झाला की टी-टी-जी, त्याचा अर्थ ल्यूसीन. सेरीन आटोपशीर असतं आणि रिफॅम्पिसिनशी हायड्रोजनचा बंध जोडतं. ल्यूसीन आडदांड, तेलकट स्वभावाचं. ते बंध जोडत नाही, उलट जागा अडवतं. दाणा आता जाळीत टिकत नाही, आणि शेव पडू लागते.

काही रिपोर्टवर याला ‘एस-५३१-एल’ लिहितात, काहींवर ‘एस-४५०-एल’. दोन वेगळे बिघाड आहेत असं समजून धावाधाव होते. दोन्ही एकच. पहिला आकडा ई. कोलायच्या बीटातल्या क्रमाने मोजलेला, दुसरा क्षयजंतूच्या स्वतःच्या क्रमाने.

हा बिघाड औषधामुळे होत नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. डीएनएची नक्कल होताना चुका आपोआप होतात. रिफॅम्पिसिनला पुरून उरणारी चूक साधारण दहा कोटी जंतूंमागे एकात असते. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. पहिली गोळी घेण्याआधीच तिथे एखादा रेझिस्टंट जंतू बसलेला असू शकतो. एकटं रिफॅम्पिसिन दिलं तर बाकीचे मरतात आणि रान त्या एकाला मोकळं मिळतं.

म्हणूनच सोबत आयसोनियाझिड हे दुसरं औषध. त्याला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक. दोन्हींना पुरून उरणारा एकाच वेळी असण्याची शक्यता म्हणजे एकावर चौदा शून्यं इतक्या जंतूंत एक. इतके जंतू कुणाच्याही फुप्फुसात नसतात. एकाच गोळीत चार औषधं का कोंबलेली असतात, याचं उत्तर हा गुणाकार आहे. एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असतं; ५० ते ६४ किलो वजनाच्या माणसाला अशा रोज चार गोळ्या. ‘चार एकदम जड जातात, दोनच घेतो’ असं मनाने ठरवणारा माणूस चारही औषधांची रक्तातली पातळी एकदम खाली आणतो. कमकुवत पातळीतच तगणारे जंतू निवडले जातात.

मशीन ८१ अक्षरं कशी वाचतं

सरकारी कार्यक्रमात ज्याला सीबीनॅट म्हणतात, ती कार्ट्रिजवर चालणारी तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने तिला डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. बेडक्याच्या दुप्पट द्रावण त्यात मिसळतात, डबी दहा-वीस वेळा जोरात हलवतात, पंधरा मिनिटं ठेवतात, मध्ये एकदा पुन्हा हलवतात. चिकट बेडका पातळ होतो आणि बहुतेक जंतू मरतात, म्हणजे हाताळणाऱ्यालाही धोका कमी. त्यातलं २ मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये घालून मशीनला लावलं की माणसाचं काम संपलं. आत जंतू गाळणीवर अडकतात, ध्वनिलहरींनी फुटतात, आणि डीएनएचा तेवढाच पट्टा हजारो-लाखो पटींनी वाढवला जातो.

मग येतात पाच शोधक तुकडे. हे डीएनएचे छोटे आकडे, दुमडलेले असताना अंधारे. ८१ अक्षरांचे पाच भाग पाच जणांनी वाटून घेतलेले. आपल्या भागातली अक्षरं तंतोतंत जुळली तर तुकडा उलगडून चिकटतो आणि चमकतो. पाचही वेळेवर चमकले, तर पट्टा शाबूत: ‘नॉट डिटेक्टेड’. एखादा चमकलाच नाही, किंवा बाकीच्यांपेक्षा फार उशिरा चमकला, तर त्या भागात एखादं अक्षर बदललंय: ‘डिटेक्टेड’. म्हणजे मशीन रेझिस्टन्स शोधत नाही, ते मूळ मजकूर शोधतं, आणि तो न सापडण्यावरून अंदाज बांधतं. पुढच्या मुद्द्यांसाठी हे लक्षात असू द्या. नंतर आलेली ‘अल्ट्रा’ आवृत्ती चिकटलेले तुकडे किती तापमानाला सुटतात ते मोजते आणि कमी जंतूही पकडते.

ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र. ते बॅटरीवर चालतं, म्हणून वीज बेभरवशाची असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही टिकतं. त्यात काम दोन टप्प्यांत होतं: पहिल्या चिपवर क्षयाचा जंतू आहे का, आणि असेल तर काढलेल्या त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून रिफॅम्पिसिनचं उत्तर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याची शिफारस केली.

नमुना वाईट असला की यातलं काहीच चालत नाही. तोंडातली लाळ नको. सकाळी उठल्यावर खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, किमान १ मिलिलिटर. त्याआधी साध्या पाण्याने चूळ भरावी, कारण अन्नाचे कण नळ्यांत अडकले की मशीन ‘एरर’ दाखवतं. ‘एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड’ म्हणजे टीबी नाही असा अर्थ होत नाही. नमुना पुन्हा द्यायचा.

मशीनचं चुकू शकतं का?

चुकू शकतं, आणि कुठे चुकतं तेही माहीत आहे.

अक्षर बदललं तरी अर्थ बदलेलच असं नसतं. टी-टी-सी आणि टी-टी-टी या दोन्हींचा अर्थ एकच, फिनिलअलानीन. पट्ट्यात असा निरुपद्रवी बदल असला तर शोधक चिकटत नाही आणि मशीन रेझिस्टन्स सांगतं, प्रत्यक्षात खोबणी जशीच्या तशी. उलटही घडतं: ८१ अक्षरांच्या बाहेरचा बिघाड या मशीनला दिसतच नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात पट्ट्याबाहेरच्या एका बिघाडाचे बरेच रुग्ण सापडले आणि तपासणी त्यांना ‘नॉट डिटेक्टेड’ सांगत होती.

तिसरी अडचण मेलेल्या जंतूंची. मशीनला डीएनए दिसतो, जंतू जिवंत की मेलेला ते कळत नाही. उपचार झालेल्या माणसाच्या बेडक्यात कित्येक महिने मेलेल्या जंतूंचा डीएनए सापडू शकतो. त्यामुळे औषध लागू पडतंय का हे बघायला ही तपासणी वापरत नाहीत. तिथे सूक्ष्मदर्शक आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, लागतं.

अल्ट्रावर कधी ‘ट्रेस’ असा शेरा येतो. जंतू अगदी कमी, रिफॅम्पिसिनबद्दल काहीच सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि नेहमी निसटणारी गोष्ट: ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ म्हणजे ‘सगळी औषधं चालतात’ असं नाही. आयसोनियाझिडचे बिघाड वेगळ्या जनुकांत असतात, कॅटजी आणि इन्हा ही त्यातली मुख्य. त्यासाठी लाइन प्रोब ही निराळी तपासणी आहे. दोन महिन्यांनंतरही बेडका पॉझिटिव्ह येत असेल, तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं.

‘मी एकही गोळी चुकवली नाही, मग रेझिस्टन्स कसा?’

हा प्रश्न दुखरा आहे, कारण त्यामागे दोषारोप असतो. उत्तर साधं आहे. बिघडलेलं अक्षर असलेला जंतू दुसऱ्या रुग्णाच्या खोकल्यातून जसाच्या तसा तुमच्याकडे येऊ शकतो. आयुष्यात कधी टीबीची गोळी न घेतलेल्या माणसालाही पहिल्याच दिवशी रेझिस्टंट टीबी असू शकतो.

‘बिघडलेला जंतू दुबळा असणार’ ही समजूतही अर्धवट आहे. बीटा बिघडला की यंत्राचा वेग खरोखर थोडा मंदावू शकतो. पण सेरीनच्या जागी ल्यूसीन हा बदल जंतूला फारसा महाग पडत नाही, म्हणून तोच सर्वांत जास्त पसरलेला आहे. शिवाय शेजारच्या बीटा-प्राइममध्ये दुसरा बदल होऊन पहिल्याचं नुकसान भरून निघाल्याचं रुग्णांतल्या जंतूंमध्ये दिसलंय.

‘आपल्या पेशीही उतारे काढतात, त्यांना इजा का नाही?’

माणसाच्या पॉलिमरेजचा सांगाडाही नांगीसारखाच आहे, पण ती खोबणी तशी नाही. तिथली अमिनो आम्लं वेगळी, त्यामुळे उपचाराच्या मात्रेत औषध तिथे बसत नाही.

तरी हे औषध आपल्या उताऱ्यांत ढवळाढवळ करतंच, फक्त उलट दिशेने. यकृतात पीएक्सआर नावाचं प्रथिन असतं. बाहेरून आलेली रसायनं ओळखून ती मोडणाऱ्या एन्झाइम्सची जनुकं ते चालू करतं. रिफॅम्पिसिन त्याला चिकटतं आणि त्या जनुकांचे उतारे वाढतात. परिणाम रोजच्या आयुष्यात दिसतो: गर्भनिरोधक गोळ्या वेगाने मोडल्या जातात आणि भरवशाच्या राहत नाहीत, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन कमी पडतं, मधुमेहाच्या आणि एचआयव्हीच्या काही औषधांचं तसंच. टीबीच्या डॉक्टरांना इतर सगळ्या गोळ्यांची यादी द्यायची ती यासाठी. केशरी लघवी, घाम, अश्रू हा मात्र निव्वळ औषधाचा रंग. कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतो, बाकी काही नाही. डोळे पिवळे होणं, सतत मळमळ, भूक मरणं ही वेगळी गोष्ट. ती यकृताची तक्रार असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं.

‘दोन महिन्यांत खोकला गेला, मग सहा महिने कशाला?’

पहिल्या दोन महिन्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात. खोकला, ताप त्यांच्यामुळे असतो. उरतात ते पेंगलेले. ते विभागत नाहीत, त्यामुळे नवी भिंत बांधायच्या कामावर घाव घालणारं आयसोनियाझिड त्यांच्यावर फारसं चालत नाही. पण पेंगलेला जंतूही अधूनमधून थोडा वेळ जागा होतो, चार उतारे काढतो, पुन्हा पेंगतो. त्या थोड्या वेळात वाटेत दाणा अडकवायचा असेल तर रिफॅम्पिसिन रक्तात रोज असायला हवं. उपचार पूर्वी दीड वर्ष चालत. ते सहा महिन्यांवर आले, त्यात या गुणाचा वाटा मोठा आहे. गोळ्या उपाशीपोटी घ्यायला सांगतात त्याचंही कारण आहे: जेवणाबरोबर रिफॅम्पिसिन कमी शोषलं जातं.

आणि दाणा टिकतच नसेल तर?

मग जंतूचं दुसरं यंत्र गाठावं लागतं. बेडाक्विलिन जंतूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा रोखतं. लिनेझोलिड प्रथिनं बनवणारं यंत्र अडवतं. ही दोन, प्रीटोमॅनिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन मिळून सहा महिन्यांचा उपचार भारतात २०२४ साली मंजूर झाला. त्याआधी रेझिस्टंट टीबीचे उपचार नऊ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत चालत.

पॉलिमरेजवरचा डावही संपलेला नाही. मोठ्या आतड्यात जुलाब करणाऱ्या एका जंतूवर वापरलं जाणारं फिडॅक्सोमायसिन याच नांगीला धरतं, पण वेगळ्या जागी, फाका मिटू नयेत अशा बेताने. २०१७ साली एब्राइट यांच्या गटाने आणि इटलीतल्या संशोधकांनी मातीतल्या जंतूंमधून स्यूडोयूरिडिमायसिन नावाचं संयुग शोधलं. ते खोबणीत बसत नाही, यू या अक्षराचं सोंग घेऊन थेट अक्षरं जोडण्याच्या जागी शिरतं. तिथली अमिनो आम्लं बदलणं जंतूला अवघड जातं; ती बदलली तर खरा यूही तिथे नीट बसणार नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्याला पुरून उरणारे जंतू रिफॅम्पिसिनच्या तुलनेत साधारण दहापट कमी निघाले. ते औषधाच्या दुकानापर्यंत अजून पोहोचलेलं नाही.